डोंगरावरची दगडांची रास

ती. आईस,

अमृतचा येलदरीच्या डोंगरावरून दंडवत. इथे रेंज नाही, म्हणून दूधवाल्याबरोबर पत्र धाडतो. दीपिकाने ते सावकाश वाचून दाखवावे.

मेंढरे ठीक आहेत. गवत कमरेएवढे आहे. आबा परवा पडले. धाकटा हरिओम त्यांच्याजवळ दवाखान्यात आहे. ते जेवतात. पाय अजून हलवत नाहीत, पण तू घाबरू नकोस. तुझा खोकला थांबला का?

झाले कसे, ते मीच सांगायला हवे. इथे माथ्यावर दगडांची रास होती. जाणारा प्रत्येक मेंढका तिच्यावर एक दगड ठेवून पाया पडायचा. गेल्या साली मी खालच्या गावातल्या सभेत गरजलो, "दगडापुढे वाकणारी मान कुणापुढेही वाकते!" टाळ्या पडल्या. लोकांनी रास उपसून मेंढवाड्याची भिंत बांधली. आबांना मी हे कळवले नव्हते.

परवा ते वर्षाने डोंगरावर आले आणि हातात दगड घेऊन गवतात शोधत होते. "आरं पोरा, रास कुठं गेली?"

सांगायची लाज वाटली. मी गप्प राहिलो. पुढच्याच पावलाला आबा गवतात दिसेनासे झाले. रास म्हणजे तिथल्या, गवताने झाकलेल्या जुन्या कोरड्या आडाची खूण होती. एवढी पुस्तके वाचली, पण हे कुणा मेंढक्याला विचारले नाही.

दोराने वर काढल्यावर ते म्हणाले, "सभेत लय बोलतूस. तवा तोंड शिवलं व्हतं का?"

कालपासून ती भिंत उतरवून दगड वर वाहतो आहे. रास पुन्हा उभी राहते आहे, एवढे हरिओमच्या फोनवरून आबांना तू सांग. माझ्याशी ते बोलत नाहीत.

तुझा,
अमृत