डाव्या बुटाच्या टोकाविषयी खुलासा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (सध्या जेवढं वाकता येतं तेवढाच, उरलेला समजून घे). तुझी डोकेदुखी थांबली का? भाऊजींची बदली टळली का? आमच्या भाचेबुवांचे, म्हणजे टोळाचे, पडलेले पुढचे दात परत आले का? इकडे आई बरी आहे आणि मी दारू पीत नाही.

हे शेवटचं मुद्दाम लिहितो, कारण भाऊजींनी मला भर रस्त्यात झोकांड्या खाताना पाहिलं आणि तुझ्या कानावर घातलं, असं कळलं. (कोणाकडून, ते विचारू नकोस. आईकडून.) तर ऐक. गेली दोन वर्षं माझ्या डाव्या बुटाचं टोक झिजतंय. वीस वर्षं लोकांचे बूट दुरुस्त करणारा मी, तळ पाहून गिऱ्हाइकाची चाल सांगतो. पण स्वतःच्या बुटाचा तळ तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा दोष कातड्याला दिला. कातडेवाल्याशी कडाडून भांडलो. शेवटी टोकाला लोखंडी पत्री ठोकली, तर तीही झिजली. आपला पाय नीट उचललाच जात नाही, हे डोक्यात शिरायला मला दुकानाच्या पायरीवरून एका बाईंच्या अंगावर पडावं लागलं, तेही त्यांच्याच सँडल हातात घेऊन. बाई पुन्हा दुकानाकडे फिरकल्या नाहीत.

मग मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहा म्हणाले. राहिलो, आणि थेट त्यांच्या मांडीवर. मग रक्त घेतलं. निघालं ते असं की, एबीसीडी-वन नावाचं माझं जनुक बिघडलेलं आहे. (नाव ऐकून मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत.) पेशींमध्ये म्हणे बारीक पिशव्या असतात. हे जनुक त्यांच्या पडद्यावर एक प्रथिन बसवतं, दारावरच्या माणसासारखं. ते एका लांबलचक जातीच्या चरबीला आत घेतं आणि आत तिचे तुकडे होतात. माझ्या दारावर कोणीच नाही. चरबी साचत जाते आणि नसांचं आवरण खराब करते. मला सगळं नीट समजलं, म्हणूनच बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

हे जनुक मुलाला आईकडूनच येतं, एवढं मी घरी सांगताना गाळलं होतं. पण ती माझ्या पाठीमागे स्वतः डॉक्टरांना भेटून आली (आईला तू ओळखतेसच). तेव्हापासून माझ्यावर ओरडत नाही. परवा माझ्या हातून कपबशी फुटली, तर म्हणाली, "असू दे रे." चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला फार वाईट वाटलं.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार आणि खुलासा, दोन्ही पोचवणे.

तुझा,
धाकटा

ता. क. आईकडून हे तुझ्याकडे आलं असण्याची शक्यता निम्मी, आणि आलं असेल तर तुझ्याकडून टोळाकडे जाण्याचीही निम्मी. बायकांना ते उशिरा आणि कमी छळतं. मुलग्यांत कधीकधी टोळाच्याच वयात मेंदूवर जातं. आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं, वेळेवर उपचार होतात. उशीर झाला तर फारसं काही करता येत नाही. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. दोघांचं रक्त तपासून घे. बुधवारी सकाळी अकराची वेळ मी घेऊन ठेवली आहे.

आणखी एक. हे सांगायला दोनदा फोन केला आणि तुझ्या सासूबाईंची तब्येत विचारून ठेवून दिला. मला भीती वाटते, ताई. मंगळवारपर्यंत तुझा होकार आला नाही, तर मीच टोळाला न्यायला येतो. तुमचे तीन मजले चढायला मला अर्धा तास लागेल. दार तेवढं लावून घेऊ नकोस.