साठ ते सत्तर

सारांदी देल यी,
१७ जुलै २०११

प्रिय ओतिलिया,

तुझं पत्र आणि त्यातलं बसचं तिकीट, दोन्ही मिळालं. तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो. इथे हिवाळा कडक आहे, आठवडाभर पहाटे दव गोठतंय. संत्र्याच्या झाडाला जुनी चादर गुंडाळली आहे. कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलंय. मी ठीक आहे, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो.

तू मागची खोली रंगवून घेतलीस आणि मी कायमचं माँतेविदेओला तुझ्याकडे यावं असं लिहिलंस. ‘ताईला तू इतकं जपलंस, आता तुला आम्ही जपायचं,’ हे तुझं वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. त्या वाक्यावर विसंबून मला तुझ्या घरात पाऊल ठेवता येणार नाही. म्हणून आधी हे पत्र.

झुल्माच्या दफनाच्या दिवशी तू फाटकापाशी मला विचारलंस, “ताई माझ्यावर रागावली होती का? चार महिने फोन नाही, वाढदिवसालासुद्धा नाही.” मी टोपी हातात फिरवत राहिलो. ती रागावली नव्हती. फेब्रुवारीत तिचे उरलेले सगळे दात काढावे लागले आणि मेच्या सुरुवातीला वर-खाली पूर्ण कवळी बसवली. गावात कोणाला कळू द्यायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं. तुला सांगायला मात्र ती तयार होती. दोनदा फोनपाशी जाऊन बसली. मीच म्हटलं, “आधी बोलणं सुधारू दे, मग कर. ओतिलिया हसेल.” तू हसली नसतीस हे मला ठाऊक होतं. मलाच तिचं ते बोलणं कोणी ऐकायला नको होतं.

कवळी बसवणाऱ्या बेंतांकोर बाई चांगल्या आहेत. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं होतं. शिकायचं असतं ते मेंदूला. सुरुवातीला त्याला वाटतं तोंडात घास आहे, म्हणून तो लाळ सोडत राहतो. जिभेच्या सगळ्या जागा बदललेल्या असतात, त्या तिला पुन्हा शोधाव्या लागतात. टाळू झाकली गेल्यामुळे गरम-गार कळत नाही, चव लागत नाही. सहा-आठ आठवडे गेले की मेंदू नवं तोंड आपलं मानतो आणि माणसाला कवळीचा विसर पडतो. तोवर रोज साठ ते सत्तर मोठ्यानं मोजा, आपल्या या आकड्यांत ‘स’ भरपूर आहे, असं त्या म्हणाल्या.

आणखीही एक गोष्ट त्या म्हणाल्या होत्या. ती पुढे लिहितो.

मला ते मोजणं फार आवडलं. छत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला पुन्हा एक विद्यार्थी मिळाला. रोज सकाळी साडेसातला स्वयंपाकघरात मातेचा कडू चहा, भोपळ्याच्या एकाच पेल्यातून नळीनं आळीपाळीनं, प्यायला बसलो की पहिल्या फेरीआधी मोजणी. एक जरी ‘स’ घसरला तरी मी पहिल्यापासून म्हणायला लावायचो.

“मास्तर,” ती म्हणायची, “या गावात शब्दाच्या शेवटचा ‘स’ कोणी उच्चारतं का? मी साठ वर्षं गिळत आले. आता विकतचे दात आले म्हणून ओकून दाखवू?”

“शुद्ध बोलायला काय बिघडतं?”

“तोंड माझं आहे हो. तुमची वही नाही.”

चिडली की ती मुद्दाम एकच आकडा घोळवत बसायची. त्रेसष्ट, त्रेसष्ट, त्रेसष्ट, माझ्याकडे बघत. शेवटी मलाच हसू यायचं.

सुरुवातीचे दिवस वाईट होते. नळी ओठांत धरता यायची नाही, माते हनुवटीवरून ओघळायचा. एकदा तो इतका गरम होता की घसा पोळला, तोवर तिला कळलंच नाही. पण सहाव्या आठवड्यात ती एका सकाळी थांबली आणि म्हणाली, “आज कडू लागला.” डोळ्यांत पाणी होतं तिच्या. एकोणीस जूनच्या रविवारी तिनं रश्शातलं मक्याचं कणीस दातांनी खाल्लं. जेवताना शेजारच्या वॉशिंग्टनची लांबलचक नक्कल केली, एकही शब्द न अडखळता. मग टेबल पुसत म्हणाली, “आज ओतिलियाला फोन करते.”

मी म्हटलं, “आणखी एक आठवडा थांब.”



मंगळवारी सकाळी ती उशिरा उठली. टेबलाशी बसली तेव्हा केस विंचरलेले नव्हते. मी म्हटलं, चला, साठ. तिनं सुरुवात केली, पण शब्द जड, एकमेकांत चिकटलेले. मी थांबवलं. पुन्हा पहिल्यापासून. ती सहासष्टपर्यंत आली आणि तिथेच राहिली. सहासष्ट. सहासष्ट. सहासष्ट. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, चिडवते आहे.

“पुरे कर, झुल्मा. सगळं येत असताना नाटकं कशाला?”

मातेचा भोपळा मी तिच्या हातात दिला. अर्धा माते उजव्या बाजूनं गळ्यावर सांडला. मी म्हटलं, “ओठ मीट. सात आठवडे काय शिकलीस?” तिनं भोपळा परत केला आणि ‘आभार’ म्हणाली. तो शब्दही अर्धवटच आला. आभार म्हणजे आता पुरे, मला नको. तुझ्या बहिणीनं आयुष्यात कधी एका फेरीवर आभार म्हटलं होतं का? मला तो टोमणा वाटला. मी टोपी घेतली आणि क्लबात लाकडी गोळ्यांचा खेळ खेळायला गेलो.

तिथे वॉशिंग्टननं विचारलं, “आज लवकर सुटका झाली?”

“बायको रुसली आहे.”

“मग दुपारपर्यंत परत जाऊ नकोस. जेवणाच्या वेळेला रुसवा आपोआप उतरतो.”

सगळे हसले. मीही हसलो. दोन डाव जिंकलो.

साडेअकराला घरी आलो. ती त्याच खुर्चीत, एका बाजूला कललेली. वरची कवळी काढून तिनं टेबलावर ठेवली होती. खालची काढता आली नव्हती. बोलता येत नाही ते दातांमुळेच, असं तिलाही वाटलं असणार. मीच तिला तसं शिकवलं होतं.

बेंतांकोर बाईंचं वाक्य असं होतं: “हे शिकणं रोज थोडं पुढे जातं. एका रात्रीत मागे येत नाही. कधी अचानक बिघडलं, तर तो कवळीचा दोष समजू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.” मी ते ऐकलं होतं. मान डोलावली होती.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “केव्हापासून असं झालं?” मी म्हटलं, “आत्ता. साडेअकरापासून.” त्यांनी ते लिहून घेतलं. दुरास्नोच्या मोठ्या इस्पितळात नेतानाही तीच वेळ कागदावर पुढे गेली. तू पोचलीस तेव्हा ती डोळे उघडत नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी गेली. तुला तिथे जे सांगितलं गेलं, की मेंदूचा झटका एकदम आला आणि घरच्यांनी क्षणही वाया घालवला नाही, ते माझ्या त्या एका उत्तरावर उभं आहे. तीन तासांहून जास्त वेळ ती एकटी बसली होती, ओतिलिया. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं का, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. विचारायचं तर खरी वेळ सांगावी लागेल.

तिकीट परत पाठवतोय. खोली दुसऱ्या कोणाला दे. तुझ्या नातवंडांना उन्हाची खोली उपयोगी पडेल. मी इथेच राहीन. सकाळी पाणी गरम करतो आणि तसंच गार होऊ देतो.

तुला राग आला तर येऊ दे, तो तुझा हक्क आहे. उत्तर लिहिलंस तर मी वाचीन, नाही लिहिलंस तर समजेन. फक्त, ‘तुझा यात दोष नव्हता,’ एवढं मला लिहू नकोस. त्या टेबलाशी आम्ही दोघंच होतो, आणि आमच्यापैकी एकालाच बोलता येत होतं.

एलादिओ