चौकातल्या इमारतीतला माझा निम्मा हिस्सा

मी, खाली सही करणार, वय पंचाहत्तरीच्या पुढे, धंदा केस कापणे व दाढी करणे, आज सकाळी दुकान उघडण्याआधी हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कापण्यासारखे काही उरलेले नाही, तरी दर महिन्याला ते नेमाने खुर्चीत येऊन बसतात, म्हणून त्यांच्या शब्दाला मी मान देतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणणारे पुष्कळ होते, त्यांची हजेरी पुढे येईलच.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. कात्र्या, वस्तरे, धार लावायचा चामडी पट्टा आणि फिरती खुर्ची माझ्या दुकानातल्या कारागिराला द्यावी. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी त्याला कधी सांगितले नाही, कारण मग त्याने समोरच दुकान थाटले असते. बँकेतली शिल्लक माझ्या मुलीची. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने नेलेली शिडी परत मागू नये, पण ती स्वतःची म्हणून त्याने दुसऱ्याला उसनी देऊ नये.

आता मुद्द्याचे. चौकातली ही दुमजली इमारत वडिलांनी आम्हा दोघा भावांच्या नावे निम्मी-निम्मी केली. खाली माझे दुकान आणि मागे खोली. वरच्या मजल्यावर वहिनी राहतात. भाऊ गेल्यावर त्याचा हिस्सा त्यांच्याकडे आला. इमारत पाडायची असो की सरकारच्या जपायच्या यादीत घालायची असो, दोन्ही मालकांच्या सह्या लागतात. मला ती जपायची आहे, वहिनींना पाडायची आहे. त्यामुळे आजवर काहीच झालेले नाही.

लोकांची मते मला खुर्चीत कळतात. गळ्याशी वस्तरा असला की माणूस फारसे खोटे बोलत नाही. औषधवाला म्हणतो, ही गेली तर चौकाला चेहराच उरणार नाही. दूधवाला म्हणतो, जुने ते सोने हे मान्य, पण गाडी कुठे लावायची? नव्याने राहायला आलेले एक जोडपे तर आमच्या दारात उभे राहून लग्नाचे फोटो काढून गेले. मुख्याध्यापक बचाव समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांचे म्हणणे, खिळासुद्धा बदलायचा नाही, जशीच्या तशी राहिली पाहिजे.

मीही त्यांच्यातलाच. भिंती हातभर जाड, त्यामुळे भर दुपारी दुकानात गारवा असतो. वर कमानीच्या खिडक्या आहेत, आणि दारावर चुन्यात काढलेली वेल आहे. तिचे एकच पान उलट्या दिशेला वळलेले आहे. ती गवंड्याची चूक की खोडी, यावर गिऱ्हाइके अजून हुज्जत घालतात. इतकी देखणी वस्तू माझ्यासारख्याच्या वाट्याला आली, याचे मला अजूनही नवल वाटते.

माझा हिस्सा मुलीला जाईल नाहीतर समितीला, असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. मुलगी दूर राहते. फोनवर ती सांगते की बाबा, इमारतीला हात लावू देऊ नका. तिची माया खरी आहे, पण तिला इथे राहायचे नाही. म्हणून माझा संपूर्ण निम्मा हिस्सा मी वहिनींना देत आहे, कोणतीही अट न घालता.

वाचणाऱ्याने चष्मा पुसू नये, वाचले ते बरोबर आहे. ही इमारत वहिनींनी उभी ठेवली आहे. भेग दिसली की त्या स्वतः चुना कालवून ती बुजवतात, आणि तोंडाने इमारतीचा उद्धार चालू असतो की मेली पडतही नाही एकदाची. तुळईला वाळवी लागली तेव्हा पहिला सुगावा त्यांना लागला. जिन्याच्या लाकडाला तेल लावतात त्याही वहिनीच. आम्ही बाकीचे रस्त्यापलीकडून मान वर करून कौतुक करणारे. शिव्या देत का होईना, इतकी निगा राखणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

मुख्याध्यापकांना साक्षीसाठी कालच बोलावले होते. मसुदा वाचून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "उद्या त्यांनी पाडून टाकली तर?"

मी म्हटले, "तर ज्यांनी सांभाळली त्यांनीच पाडली, असं होईल. नुसत्या विचारानंच माझा जीव तुटतोय, सर. पण द्यायची तर त्यांनाच."

पुढे काहीही झाले तरी वहिनींना चौकात कोणी उणा शब्द बोलू नये. मुलीलाही हीच ताकीद.

काल हे सांगायला मुख्याध्यापकांना घेऊन वर गेलो. वहिनींना आनंद होईल अशी माझी समजूत होती. त्या गुडघा चोळू लागल्या.

"सगळं माझंच झालं तर मी भांडू कुणाशी, भाऊजी?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला काय पाडायची हौस आहे? संडास खाली अंगणात, जिना हा असा उभा, धरायला एकाच बाजूला कठडा. जो येतो तो विचारतो, ठेवायची का पाडायची. तुम्हाला काय हवंय, असं मला कुणी विचारलंय का?"

म्हणून मी विचारले. वर एक संडास आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा, एवढेच त्यांचे मागणे निघाले. मी मुख्याध्यापकांकडे पाहिले. त्यांनी आधी जिन्याकडे पाहिले, मग वहिनींच्या गुडघ्याकडे. म्हणाले, ओळखीचा एक सुतार आहे, जुन्यासारखाच कठडा करून देईल.

सुतार आणि नळवाला परवा येत आहेत. खर्च माझ्या शिलकीतून होईल, तेव्हा मुलीने थोडे कमी मिळाले म्हणून रुसू नये. पाडायचे की ठेवायचे, हे वहिनींनी सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. बाकी सारे मी गेल्यावर अमलात आणावे. कठड्यासाठी मात्र माझ्या मरणाची वाट पाहायची नाही.

लिहून देणार: केस कापणारा, खालच्या मजल्याचा मालक (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर, शुद्धीवर असल्याच्या दाखल्यासह (सही)

साक्षीदार दुसरे: मुख्याध्यापक, अध्यक्ष, बचाव समिती (सही)

ठिकाण: दुकानातच, आरशासमोर

तारीख: डॉक्टरांनी दाखल्यावर घातली आहे तीच