आज स्वयंपाक दोघींचा की तिघांचा?

प्रिय कोहेई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझी पाणबुडी धक्क्याला लागेल, तू घरी येशील, तेव्हा तुझ्या हातात देईन आणि तुझं वाचून होईपर्यंत समोर बसून राहीन. बोटीचं नाव इथेही लिहीत नाही. सवय म्हण, नाहीतर उशिरा आलेलं शहाणपण म्हण.

इनोकुमा हेर निघाला, पकडला गेला. आईंच्या सुलेखनाच्या वर्गातला तो, भूगोलाचा निवृत्त मास्तर म्हणवणारा. संत्र्यांची पिशवी घेऊन यायचा, आईंना ताई म्हणायचा, त्यांच्या गुडघ्यासाठी मलमाची डबी आणायचा. आपला अडणारा सरकता दरवाजा त्यानेच रंधा मारून नीट केला. आणि उठता उठता हसून विचारायचा, “काय मग ताई, आज स्वयंपाक दोघींचा की तिघांचा?”

परक्या माणसाला यात काय वाटणार? पण कुरेसारख्या नौदलाच्या बंदरातल्या बायकांना विचार. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तू मला बजावलं होतंस, “मी कधी जातो, कधी येतो, हे दारातल्या मांजरालाही कळता कामा नये.” तेव्हापासून तू समुद्रात असलास तरी मी तुझे शर्ट धुऊन दोरीवर टाकते, तुझे बूट दाराशी मांडते. चौदा वर्षं शर्ट वाळवले, आणि तो मेला रोज जेवणारी तोंडं मोजत होता.

साध्या कपड्यांतली तपासाची दोन माणसं आली. त्यांनी त्याच्या वहीच्या पानांच्या प्रती आपल्या चटईवर मांडल्या. वस्तीतली पाच घरं, प्रत्येकाला वेगळं पान. अक्षर इतकं नेटकं की वर्गात बक्षीस मिळावं. आपल्या पानावर लिहिलं होतं, “म्हातारी एकटी पडलेली. गुडघ्याची चौकशी केली की खुलते.” हे लिहिणारा आमच्या घरी चहा प्यायचा, कोहेई, दोन-दोन पेले! उरलेली संत्री मी कचऱ्यात फेकली, हात साबणाने घासले, तरी तो वास नाकातून जाईना. आईंनी मात्र ते वाक्य दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

पानाच्या तळाशी शेवटची ओळ होती, “नव्या वर्षाला घरी नसणार. निदान दोन महिने.” तारीख तू निघायच्या चार दिवस आधीची. मोठ्या अधिकाऱ्याने विचारलं, “हे कुणी सांगितलं?” मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, “मीच. म्हातारीच्या तोंडाला झाकण कुठलं हो?” तो उर्मट नव्हता, पण लहान मुलीला समजावावं तसं त्यांना म्हणाला, “आजी, पाण्याखाली तुमचा मुलगा एकटा नसतो. सत्तर घरांची माणसं असतात.” आईंनी कपाळ चटईला टेकवून क्षमा मागितली.

गोष्ट वस्तीत पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. आईंनी वर्गाला जाणं सोडलं. समोरच्या बायका त्यांना बघून खिडक्या लावून घेतात. काल आम्ही मासळीच्या दुकानात गेलो. कायोको, तुझ्याच बोटीवरच्या स्वयंपाक्याची बायको, तिने आईंची टोपली बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “आजीबाई, आज किती जणांचे मासे? मोठ्याने सांगा की, पलीकडच्या किनाऱ्यावरही ऐकू जाऊ दे!” दोघी-तिघी फिसकन हसल्या. आईंनी टोपली खाली ठेवली. मी शेजारी उभी होते. मी काय केलं माहीत आहे? बांगडे आजचे आहेत का, ते विचारलं.

आता खरं सांगते. नव्या वर्षाला तू नसणार, हे आईंना ठाऊकच नव्हतं. तू ते फक्त मला सांगितलं होतंस. त्याच दुपारी इनोकुमा दरवाजाला रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, “फार थकलेल्या दिसता, सूनबाई.” इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मी बोलून गेले, सगळं, आणि मला हलकं वाटलं. त्याची किळस येते, कायोकोची येते, पण त्या हलकं वाटण्याची मला जेवढी किळस येते तेवढी कशाचीच नाही. आई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. ती माणसं गेल्यावर म्हणाल्या, “माझं काय, मी पिकलं पान. चोरून ऐकलं म्हणेन. तुझं नाव आलं तर त्यानेच बायकोला सांगितलं असं होईल, त्याला बोटीवरून उतरवतील. कोहेईला सांगशील तर माझी शपथ आहे.” त्या शपथेआड मी तीन आठवडे लपले. उद्या सकाळी मी त्या अधिकाऱ्याकडे जाऊन माझं नाव सांगणार आहे, आणि तिथून आईंना सोबत घेऊन मासळीच्या दुकानात, सगळ्यांदेखत तेच सांगायला. तू हे वाचशील तोवर दोन्ही झालेलं असेल, आणि कदाचित तुझी बोटीवरची जागाही माझ्यापायी गेलेली असेल. माझ्याशी बोलू नये असं वाटलं तर नको बोलूस. आधी आत जा. आई बसल्या आहेत.

तू म्हणशील तोवर तुझीच,
चिनात्सु