आवश्यक नाही, पुरेसाही नाही

३ जुलै, संध्याकाळी

फेब्रुवारीपासून एक ओळ लिहिली नाही. माफी मागतो. कुणाची, हा प्रश्न आहेच. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणजे अपराधी मी आणि क्षमा करणाराही मीच. न्यायाधीश पक्षपाती आहे. तरी क्षमा मंजूर.

आज प्राचार्यबाईंनी बोलावून घेतलं. बसा म्हणाल्या, चहा सांगितला. चहा सांगितला तेव्हाच ओळखायला हवं होतं. माझा तर्कशास्त्राचा ऐच्छिक पेपर. गेल्या वर्षी तीन मुलं, त्यातलं एक वर्ग चुकून आलेलं. या खेपेस कुणी आलं नाही तर पेपर बंद आणि माझी रवानगी परीक्षा विभागात. म्हणाल्या, सर, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे, पण आदराला वेळापत्रकात तास देता येत नाही. वाक्य चांगलं होतं. आधी तयार करून ठेवलं असावं.

एक संधी मात्र आहे. कॉम्प्युटर विभागाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आता एक पेपर बाहेरचा घ्यावा लागतो. त्यांच्यापुढे १९ तारखेला तासभर बोलायचं. पटलं तर येतील.

सोपं काम आहे. कॉम्प्युटर हे तर्कशास्त्राचंच अपत्य. मुलांना फक्त आजोबांची ओळख करून द्यायची.

५ जुलै

संकल्प : उद्या भाषण लिहून हातावेगळं करणे.

शेवट तर आजच सापडला. बूल नावाचा एक शाळामास्तर, स्वतः कॉलेजात न शिकलेला, विचारांचं बीजगणित मांडतो. खरं म्हणजे एक, खोटं म्हणजे शून्य. लोक म्हणतात, छान आहे, पण करायचं काय याचं? ऐंशी-नव्वद वर्षांनी इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, शॅनन, विजेच्या बटणांची सर्किटं बघतो आणि त्याच्या ध्यानात येतं की हे तेच गणित. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. आणि हे गणित त्याला भेटलं कुठे? कॉलेजात घेतलेल्या तत्त्वज्ञानाच्या पेपरात! म्हणजे माझ्याच पेपरात. (माझ्यासारख्याच. अतिशयोक्ती नको.)

स्टाफरूममध्ये सांगून बघितलं. कॉम्प्युटरचे विभागप्रमुख ऐकत होते. मी त्यांना मनात 'वारस' म्हणतो, कारण आमचा विभाग गेला की खोली त्यांना मिळणार आहे. त्यांचं बिस्किट चहात बुडून विरघळलं. म्हणाले, सर, भन्नाट, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं. त्यांनी फोनमध्ये टिपून घेतलं.

एक अनुयायी मिळाला.

९ जुलै

भाषण झालं नाही, पण पाया झाला. शॅननला बूलशिवाय उभं करता येत नाही. बूलला लाइब्निझशिवाय. भांडणारी माणसं एक दिवस कागद-पेन घेऊन बसतील आणि म्हणतील, चला, हिशेब करून बघू कोण बरोबर, हे स्वप्न त्याचं. आणि लाइब्निझला ॲरिस्टॉटलशिवाय आणणं म्हणजे दार नसलेल्या घरात पाहुणा शिरवणं. सध्या ॲरिस्टॉटलवर आहे.

बायकोला वाचून दाखवलं. ती ड्रायव्हिंग शिकवते. म्हणाली, अहो, नमनालाच घडाभर तेल. माझ्याकडे माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला गिअर टाकायला लावते. चाक कुणी शोधलं ते सांगत बसले तर गाडी गॅरेजात गंजेल. ती बटणवाल्या पोराची गोष्ट सांगा आणि खाली बसा.

मी म्हटलं, एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही.

ती म्हणाली, तुम्हाला सिद्ध करायचंय की पेपर वाचवायचाय?

दोन्ही एकदम शक्य आहेत, हे तिला सविस्तर समजावलं. अर्ध्यात ती फोन घ्यायला गॅलरीत गेली. फोन वाजला नव्हता.

१४ जुलै, सकाळी

फ्रेगेपाशी अडलो. त्याने सगळं अंकगणित तर्काच्या पायावर उभं केलं. दुसरा खंड छापखान्यात, आणि रसेलचं पत्र आलं. ज्या समूहांत स्वतःचा समावेश नसतो, अशा सगळ्या समूहांचा एक समूह करा. त्यात तो स्वतः असतो का? असतो म्हटलं तर नसतो, नसतो म्हटलं तर असतो. पाया खचला. फ्रेगेने पत्र दडपलं नाही. पुस्तकाला पुरवणी जोडून जाहीर लिहिलं की इमारत हलली आहे. याला म्हणतात माणूस!

नवा संकल्प : १९ तारखेला व्यासपीठावर जे खरं ते बोलणे, आपल्या विरुद्ध गेलं तरी. (फ्रेगेने आधी पुस्तक लिहिलं होतं. हा फरक मान्य.)

कन्या कॉम्प्युटरच्या त्याच पहिल्या वर्षाच्या वर्गात आहे. तिने हात जोडले. बाबा, मी तुमची मुलगी आहे हे सांगू नका. आणि दर वाक्याला ते 'अर्थात माझं चुकत असेल' म्हणू नका. मी म्हटलं, पण चुकत असू शकतं ना. तिने हेडफोन लावले.

१७ जुलै

भाषण फार लांबलं म्हणून कापायला घेतलं. जिथे कापलं तिथे का कापलं याची टीप देणं भाग होतं. भाषण वाढलं.

बायको म्हणते, पहिले पाढे पंचावन्न. असोत. रसेल आणि त्याच्या जोडीदाराला एक अधिक एक दोन इथवर यायला शेकडो पानं लागली होती. त्यांच्या घरी कोण काय म्हणालं ते इतिहासाने नोंदवलेलं नाही.

१९ जुलै, सकाळी

शांत झोप. निळा शर्ट. तासाची विभागणी मनाशी पक्की : ॲरिस्टॉटल दहा मिनिटं, मग सुसाट.

१९ जुलै, संध्याकाळी

हॉल खच्चून भरलेला. (हजेरी लागणार होती, हे मागाहून कळलं. पण हजेरी लागते तिथेही माणूस मनाने येऊ शकतो.) ॲरिस्टॉटल थोडा रेंगाळला. लाइब्निझ उत्तम. बूल सुरू करतो तोच शिपाई दारात उभा राहून स्वतःच्या मनगटावर बोट आपटायला लागला. शॅनन राहिला. म्हटलं हरकत नाही, प्रश्नोत्तरांत घेऊ.

प्रश्न एकच आला. मागच्या बाकावरचा उंच मुलगा : सर, सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला हा पेपर लागतो का?

पहिल्या रांगेत प्राचार्यबाई माझ्याकडे बघून मान डोलावत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. शॅनन ओठांवर आला होता. पण एका शॅननवरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष? मुलांना चुकीचा तर्क शिकवून तर्काच्या पेपराला बोलवायचं?

मी त्या मुलाला विचारलं, 'लागतो' म्हणजे आवश्यक आहे का विचारतोस, की पुरेसा आहे का? तो म्हणाला, काहीही चालेल सर. मी खडू घेतला. हा पेपर न घेता सॉफ्टवेअरमध्ये काम केलेलं इथे कुणी आहे? वारसाच्या विभागातल्या सगळ्या शिक्षकांनी हात वर केले. म्हणजे आवश्यक नाही. आता पुरेसा आहे का? हा विषय वीस वर्षं शिकवणारा माणूस तुमच्यासमोर उभा आहे; त्याला सॉफ्टवेअरमध्ये कुणी उभं करील का? एका सुरात : नाही! म्हणजे पुरेसाही नाही. फळ्यावर दोन्ही सिद्ध करून खाली रेघ मारली.

टाळ्या! बाकं वाजली. असा प्रतिसाद आयुष्यात मिळाला नव्हता. तरुण पिढीला प्रामाणिकपणाची कदर नाही म्हणणाऱ्यांनी आज हॉलमध्ये असायला हवं होतं. प्राचार्यबाईंनी डोळे मिटून घेतले होते. भारावल्या असाव्यात.

घरी बायकोने एवढंच विचारलं, बटणवाला पोरगा आला का? म्हटलं, नाही, पण पाया भक्कम झाला. ती म्हणाली, मग राहा पायातच.

कन्या म्हणाली, बाबा, हात दाखवून अवलक्षण. म्हटलं, खोटं बोलायला हवं होतं का? ती म्हणाली, खोटं बोला कोण म्हणतंय, गप्प बसायचं होतंत.

गप्प बसणं हेही एक विधान असतं का? विचार करायला हवा.

२३ जुलै

नोंदणी सुरू. पहिल्या दिवशी माझ्या पेपराला शून्य. बूलच्या दृष्टीने शून्य ही अर्धी दुनिया आहे. शिवाय वेबसाइट हळू चालते म्हणतात.

२७ जुलै

नोंदणी बंद. शून्य.

कन्येला मी मनातल्या मनात धरूनच चाललो होतो. तिला तसं विचारलं नव्हतं, ही माझी चूक. तिने वारसाचा नवा पेपर घेतला : 'कॉम्प्युटरची तार्किक मुळं'. सोमवारी जाहीर झाला, दुपारपर्यंत भरला, वेटिंग लागलं. मी म्हटलं, अगं, हा तर माझाच विषय. ती म्हणाली, तुमचा विषय लागत नाही हे तुम्हीच फळ्यावर सिद्ध केलंत ना.

वारसाने वर्गात जाऊन सुरुवात कशी केली ते विचारलं. बटणवाल्या मुलापासून. दहा मिनिटं बोलले आणि खाली बसले. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे ते बोलले का? नाही.

राग आला का, हे प्रामाणिकपणे तपासलं. आला.

मग ट्युरिंग आठवला. तर्कातला कुठलाही प्रश्न निकालात काढणारी एक हमखास रीत असते का, असा सवाल होता. नसते, हे दाखवण्यासाठी त्याने मनातल्या मनात एक यंत्र रचलं, आणि पुढे तेच कॉम्प्युटरचं मूळ ठरलं. म्हणजे एका नीट सिद्ध केलेल्या 'नाही'तून सगळा व्यवसाय उभा राहिला. हे आठवून बरं वाटलं. मग माझ्या 'नाही'तून काय उभं राहिलं ते बघितलं. वारसाचा पेपर.

३ ऑगस्ट

परीक्षा विभाग. खुर्ची डुगडुगते. यादीतलं नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळतं का बघायचं, जुळलं तर खूण करायची. एका नावापाशी मी थांबलो, दोन वेगळ्या व्यक्ती असण्याची शक्यता मनात आली. विभागाचे साहेब म्हणाले, सर, हे तुम्हाला पटायला नकोय, फक्त जुळायला हवंय.

संध्याकाळी कन्या वही घेऊन माझ्या खोलीत आली. बऱ्याच वर्षांनी. वारसाची गोष्ट झकास होती, पण त्यापुढे त्यांनी खऱ्या-खोट्याचे तक्ते नुसते उतरवून दिले. जर-तरचं काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नाही. 'जर' खोटं असताना अख्खं वाक्य खरं कसं?

काय सुंदर प्रश्न! म्हटलं, बस, याच्यावरून ग्रीक लोकांत केवढी भांडणं झाली होती.

तिने वही मिटली. म्हणाली, बाबा, उद्या पहिल्याच तासाला टेस्ट आहे. फक्त तेवढं.

ती दारापर्यंत गेली होती. मी थांब म्हटलं. फक्त तेवढं, कबूल.

उद्या : निघायच्या आधी कन्येला जर-तरचा तक्ता समजावून देणे. चार ओळी.