न लावलेला कुकर

मये, श्रावणातला सोमवार

उपास सोडला, पण जेवण गोड लागले नाही. आपल्याच मुलीचे लिहिणे मला ओळखू येऊ नये?

सायलीचा प्रबंध पुरा होत आला. मजकूर माणसाने लिहिला की कॉम्प्युटरने, हे कशावरून ओळखायचे, असा तिचा विषय. तिन्हीसांजेला मी वाती वळत होते, तर तिने दोन कागद पुढे ठेवले. दोन्हींत आईचे आभार.

"एक मी लिहिलाय, एक मशीनने. सांग बघू, माझा कुठचा?"

पहिल्यात माया, त्याग, पदराची सावली. वाचताना डोळे भरले. दुसऱ्यात एकच ओळ, 'मी वाचायला बसले की आई कुकर लावत नसे.' मला हसूच आले. म्हटले, "हा मशीनचा. आपल्याकडे रोज कुकर लागतो, हे त्याला काय ठाऊक?"

पोरीने तो कागद आपल्याकडे ओढला. मग हळूच म्हणाली, "गे आई, शिटीने माझे लक्ष उडेल म्हणून तू भात टोपात शिजवायचीस."

खरेच विसरले होते. एरवी गॅसचा हिशोब ठेवणारी मी, तिच्या अभ्यासापुरता तो कधी मांडलाच नाही. आणि पुस्तकात डोके घातलेल्या पोरीला हे कळत होते, म्हणजे नवलच.

"चुकले बाय. कुकरचाच छाप," मी म्हटले. "फक्त गॅस किती जाळला ते नको लिहू, भजनातल्या बायका मला सोडायच्या नाहीत."

तेव्हा कुठे हसली.

देवा, मशीनच्या शब्दांना मी रडले आणि तिच्या शब्दांना हसले, एवढे तिच्या मनातून जाऊ दे.