खोडलेल्या दोन ओळी

अंबाजोगाई, मंगळवार संध्याकाळ

स्वतःचाच राग येतोय. आज एम.ए.च्या वर्गात व्हिक्टोरियन काळातली, मेलेल्या मित्रावरची कविता शिकवत होतो. नेहमीसारखं फळ्यावर लिहिलं, ‘श्रद्धा आणि संशय यांचा संघर्ष.’ तेवढ्यात धारूरची सुरेखा उठली. वर्षभरात कधी तोंड न उघडलेली.

“सर, ह्या कवीला रडूच येईना गेलंय, म्हणून ह्यो लिहायलाय. माझा भाऊ गेलता तवा माझं बी असंच झालतं. मी वहीत लिवलंय तसं.”

इतकी वर्षं शिकवतोय, मला तरी कुठे सुचलं होतं हे? आणि मी काय बोललो? “परीक्षेत असं लिहू नकोस, मार्क जातील.” ती भावाचं सांगत होती आणि मी मार्कांचं! तिनं खाली बसून वहीतल्या दोन ओळी खोडल्या. मी बघत राहिलो.

त्या दोन ओळी डोक्यातून जाईनात. तास संपल्यावर जिन्यात तिला गाठलं. “वही दाखवतेस?”

“कावून, सर? कशाला बघायची? आता फळ्यावरलंच लिवलंय.”

तरी दिली. त्या ओळींवर पेनानं इतकं गिरवलं होतं की कागद फाटलेला. एक शब्द वाचता आला नाही.